नव्या दाराला जुनं कुलूप

आमचे हे किल्ल्या करायचे. गल्लीच्या तोंडाशी टीचभर दुकान आणि मागच्या भिंतीवर नुसते खिळे. गल्लीतल्या प्रत्येक घराची एक जादा किल्ली त्या खिळ्यांवर असायची. शाळा सुटली की पोरं आधी दुकानात यायची, किल्ली घ्यायची, मग घरी जायची. "चोराला अक्कल असती तर सरळ माझ्याकडेच आला असता," असं म्हणून हे स्वतःच हसायचे.

बाहेर एवढा गोड माणूस, घरात मात्र एक नंबरचा हट्टी. आमचा लेकही बापाच्याच वळणावर गेलेला. दुकानात बसणार नाही म्हणाला, त्यावरून दोघांची जुंपली. "जा, पुन्हा तोंड दाखवू नकोस," हे बोलून गेले, आणि तो खरंच गेला. घराची किल्ली तेवढी त्याच्या खिशात राहिली.

तेव्हापासून यांनी आमच्या दाराच्या कुलपाला हात लावला नाही. ते इतकं झिजलं की दार उघडताना मी मेटाकुटीला यायचे. "जगाची कुलपं नीट करता, आपलं कधी करणार?" मी करवादायचे. "चालतंय ना, राहू दे," एवढंच उत्तर. कारण मला कळत नव्हतं थोडंच!

मग गल्लीचं नशीब फळफळलं. आमचं नाही, गल्लीचं. समोरच्या भाड्याच्या खोल्या पाडून काचेची इमारत उभी राहिली. शिंपीण गेली, गवंडी गेला, शाळेच्या शिपायाचं बिऱ्हाड गेलं. आसपासचं भाडं झेपेना, करतात काय बिचारे? दारंच पाडली म्हटल्यावर किल्ल्या मागायलाही कुणी आलं नाही, त्या खिळ्यांवर तशाच राहिल्या. नवी माणसं वाईट नव्हती हं, उगाच खोटं कशाला बोलू? समोर आली की हसायची. पण त्यांच्या दारांना आकडे दाबायचे असतात. किल्लीवाल्याचं त्यांना काय काम?

शेवटी आमच्या घरमालकानंही इमारत विकली. मी बांधाबांध सुरू केली, तर हे ढिम्म.

"अहो, आता इथं आपलं राहिलंय कोण?"

"अगं, पण तो आला तर?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून त्याचा विषय निघाला. मला रडू आवरेना.

निघायच्या दिवशी टेम्पोवाला खाली हॉर्न वाजवतोय आणि हे दारापाशी बसून कुलपाचे स्क्रू काढतायत. शहराच्या पार टोकाला आम्हाला खोली मिळाली होती. तिथल्या दाराचं चकचकीत कुलूप काढून यांनी आमचं खटारा कुलूप बसवलं. "आता त्याची किल्ली लागेल," म्हणाले. किती दिवसांनी चेहरा असा फुलला होता! त्याला इथला पत्ता कोण सांगणार, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मी भांडी लावायला घेतली.

पूर्वी त्यानं शिंपिणीला विचारलं असतं, नाहीतर रस्त्यावर खेळणाऱ्या पोराला, तरी आम्ही सापडलो असतो. आता त्या गल्लीत आम्हाला ओळखणारं एक माणूस नाही.

म्हणून मी अधूनमधून बस धरून तिकडे जाते. यांना सांगते, गुडघ्याच्या डॉक्टरकडे चालले. आमच्या इमारतीच्या जागी आता मोठं गेट आहे, तिथल्या वॉचमनला पत्ता सांगून येते. मेले वॉचमनही टिकत नाहीत. नवा आला की पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं.

परवाचा भला होता. म्हणाला, "सांगेन की मावशी. पण मी त्याला ओळखू कसा? दिसतो कसा तुमचा मुलगा?"

मी सांगत सुटले. सडपातळ आहे, केस दाट, मिशी नुकती फुटलेली... अगं बाई, हा तर गेला तेव्हाचा! आता समोरून आला तर मला तरी ओळखू येईल का?

वॉचमन माझ्या तोंडाकडे बघत होता.

"चालताना डावा खांदा पाडतो," मी म्हटलं. "बापासारखा."

तेवढं तरी बदललं नसेल.