पुजाऱ्यावरचा संशय

रविवारी सकाळी फिल्म क्लबच्या खेळाला मी माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, घेऊन गेले. सिनेमा देवळाचा आहे, एवढंच मी ऐकलं होतं. पडद्यावर देवीचा मुकुट चोरीला गेला, गावाचा संशय पुजाऱ्यावर आला, आणि मला शेजारी बघवेना. अण्णा गावी देवीचे पुजारी होते. एकदा देवीची नथ हरवली, तेव्हा सहा महिने त्यांच्या हातचं तीर्थ कुणी घेतलं नव्हतं. नथ शेवटी देवीच्याच जुन्या शालूच्या घडीत सापडली.

सिनेमा दिसायला सुरेख होता. समईच्या उजेडात पुजाऱ्याचे ओले हात इतका वेळ दाखवले, की ते मला चोराचेच वाटू लागले. शेवट मात्र फसला. चोर कोण ते न सांगता दिग्दर्शकाने देवीच्या डोळ्यांतून पाणी काढलं. त्यालाच उत्तर सुचलं नसावं आणि म्हणून त्याने देवीला पुढे केलं असावं, अशी मला शंका आली.

बाहेर चहा घेताना अण्णांनी विचारलं, "तुला कोण चोर वाटला?"

मी चाचरत म्हटलं, "पुजारी."

"मलाही," ते म्हणाले. "पहिल्या दहा मिनिटांतच. पुरावा काहीच नव्हता गं."

त्या संध्याकाळी त्यांनी गावी तात्यांना फोन लावला. अण्णांवर नथीचा आळ पहिल्यांदा घेतला होता तो या तात्यांनीच.

"तब्येत कशी आहे?" अण्णांनी विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत ते उभेच राहिले.