रबरी पोट

"हिला झोपवा," मॅडम म्हणाल्या. "ह्यांच्यात बायकांना सवयच असते. वर्षाला एक."

सगळा वर्ग हसला. मीही हसले. मग टेबलावर चढले आणि गुडघे वर घेऊन झोपले.

मी कोल्हापुरात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या बाळाला कसं वाचवायचं, ते आम्हाला बाहुलीवर शिकवतात. एकीनं आई व्हायचं. कमरेला पट्ट्यानं रबरी पोट बांधायचं, कण्हायचं, पोटातनं बाहुली सोडायची. दुसरीनं ती घ्यायची, पुसायची, पाठ चोळायची. तरी रडली नाही तर तोंडानाकावर मास्क धरून हवेची बॅग दाबायची. हवा नीट आत गेली की बाहुलीची छाती वर येते. मग आईनं चादरीखालचा फुगा दाबायचा. फुगा दाबला की बाहुली रडते.

पहिल्या तासाला मॅडमनी सगळ्यांची आडनावं विचारली. माझं ऐकून "अच्छा" म्हणाल्या. गाव विचारलं. शाहूवाडीकडचं सांगितलं. गावात घर कुठल्या बाजूला, तेही विचारलं. मग ते "हिला झोपवा" झालं, आणि त्या दिवशी मी आई झाले. नंतर दर वेळी मीच. बाकीच्यांची पाळी फिरायची, माझी नाही.

सुरुवातीला राग यायचा, कानशिलं तापायची. मग काहीच येईनासं झालं. पंख्याकडं बघत पडायचं, सांगितलं की कण्हायचं. पोरी माझ्या गुडघ्यांशी उभ्या राहून डब्यात काय आणलंय ते बोलायच्या. मेलेल्या माणसागत पडून राहायचे मी, आणि बाळंत व्हायचे.

वर्गात माझ्या शेजारी शबाना बसते, मंगळवार पेठेतली. परवा जेवताना ती सहज बोलली, "सोमवारपासनं लेबर रूमची ड्युटी हाय आपली. तू बॅग कधी धरलीस गं?"

एकदाही नाही. समोर खरं बाळ निळं पडलं तर मी काय करणार होते? कण्हणार होते?

काल शनिवारी बाहेरचे डॉक्टर आमचं प्रात्यक्षिक बघायला आले. बॅग ऋतुजाकडं. शहरातल्या दुसऱ्या एका डॉक्टरांची पोरगी, मॅडमची लाडकी. मॅडमनी मला आधीच बजावलं होतं, तिनं चार वेळा बॅग दाबली की तू रडव. मी पोट बांधलं. बाहुली सोडली. ऋतुजानं मास्क धरला, पण हनुवटीकडनं हवा फुसफुसत बाहेर येत होती. चार वेळा झालं. छाती हलली नाही.

मॅडमनी डोळ्यांनी खुणावलं. फुगा माझ्या मुठीत. ह्याआधी कितींदा तरी मी तो असाच दाबला होता. पोरी पास झाल्या होत्या, टाळ्या वाजल्या होत्या. खऱ्या बाळाला फुगा नसतो. मी मूठ सोडली.

"रडव की," मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या.

"छाती हलली न्हाई, मॅडम. मी न्हाई रडवणार."

मी उठून बसले, पट्टा सोडला. पोट धपकन फरशीवर पडलं. ऋतुजाच्या हातातली बॅग घेतली आणि मास्क लावून दाबली.

माझ्याही हातनं छाती हलली नाही.

"बघा," मॅडम पाहुण्यांना म्हणाल्या. "म्हणून हिला देत नाही."

"दिली न्हाई म्हणून येत न्हाई," मी म्हणाले.

आवाज माझाच होता. परत दाबली. परत नाही. मग मॅडमनी बॅग काढून घेतली आणि मला बाहेर जायला सांगितलं. शबाना मान खाली घालून उभी होती. पाहुणे चहाला गेले.

आज रविवार. खोलीवर बसून आहे. पोटात भूक नाही, डोक्यात काही नाही. एवढंच ठरलंय. उद्या लेबर रूमच्या आधी मी बाहुलीच्या लॅबच्या दारात उभी राहणार आणि बॅग मागणार. छाती हलेपर्यंत दाबणार. पोट परत बांधणार नाही. बॅग दिली नाही, तर प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये जाऊन मॅडमचं ते पहिल्या दिवसाचं बोलणं शब्दन् शब्द, मोठ्यानं सांगणार.

मग कोण हसतंय ते बघते.