जोसेफ म्वान्सांचं कोकण

शनिवारी सकाळी सहा चाळीसला अनिल सबनीस गॅरेजमध्ये स्टुलावर बसून नाटकाच्या पडद्यावर एक नाव रंगवत होते. गाडी बाहेर पावसात उभी होती. वय एकोणऐंशी, हात स्थिर.

पडदा ओहायोतल्या डब्लिनच्या मराठी मंडळाचा. लाल वाट, गवताने शाकारलेल्या गोल झोपड्या, एक वारूळ, डोक्यावर मडकं घेतलेली बाई. सत्तावीस वर्षं मंडळाच्या प्रत्येक नाटकातलं कोकण हेच. देवरुखच्या एका डॉक्टरांनी त्यात आपल्या आजोळची वाट ओळखली आहे. झोपड्या गोल कशा, असं कुणी विचारलं तर तेच सांगतात, "पूर्वी असायच्या."

सबनीस नागपूरचे, धरमपेठेतले. कोकणात ते कधी गेलेले नाहीत. तरुणपणी त्यांनी झांबियात रस्ते बांधले. १९७४ साली एनडोला शहरात जोसेफ म्वान्सा नावाच्या प्राथमिक शिक्षकाकडून त्यांनी एक चित्र विकत घेतलं. चित्रात म्वान्सांच्या आईचं गाव होतं.

पुढे मंडळाला कोकण हवं झालं. 'इंजिनिअर आहात, ड्रॉइंग येतंच,' म्हणून काम सबनीसांकडे आलं. घरात खेड्याचं चित्र एवढं एकच होतं. त्यांनी चौकटी आखून ते पडद्यावर मोठं केलं, कमिटीच्या सूचनेवरून दोन नारळ लावले आणि खाली कोपऱ्यात म्वान्सांची सही होती तशी उतरवली. ज्याचं ड्रॉइंग, त्याचं नाव. नोकरीत शिकलेला नियम. नंतर तळघरात पाणी शिरून मूळ चित्र गेलं. सबनीसांच्या माहितीत म्वान्सांचं नाव आता या पडद्यावरच उरलं आहे.

यंदाची सेक्रेटरी प्रीता हिने ते वाचलं.

"काका, हा जोसेफ कोण? आपला स्पॉन्सर आहे का?"

"चित्रकार. झांबियाचा. गावही त्याचंच."

"म्हणजे हे कोकण नाही?"

"नारळ आहेत कोकणातले."

"काका, प्लीज. नाव पुसून टाका ना. लोक विचारतील."

"पुसतो की. मग हे गाव कुठलं ते तू स्टेजवरून अनाउन्स कर."

कमिटी बसली. देवरुखचे डॉक्टर समोरच होते, त्यामुळे अनाउन्समेंट कॅन्सल झाली. नाव राहू द्यायचं, पण त्याच्यापुढे तुळशीवृंदावन ठेवायचं, असं ठरलं. ठराव एकमताने झाला. सबनीसांनीही हात वर केला होता.

मग शिवण उसवली आहे, असं सांगून त्यांनी पडदा घरी आणला. शिवण खरंच उसवली होती. ती त्यांनी आधी घातली. कोपऱ्यातली सही जागेवरच आहे. तेच नाव त्यांनी आता झोपड्यांच्या वर, मोकळ्या आकाशात, पांढऱ्या रंगात पुन्हा लिहिलं आहे. वृंदावन लाकडी आहे, तीन फूट उंच. नाव सहा फुटांवर आहे.

उद्या नाटक आहे, नऊला शाळेचा हॉल उघडतो. आधी पडदा टांगतात, वृंदावन त्यानंतर.