फक्त कॅम्पातलीच मुलं

बी.कॉम.ला मला फर्स्ट क्लास होता, पण कॉलेज असं की खाली साड्यांचं दुकान आणि वर आम्ही. परदेशी बँका तेव्हा पुण्यात नव्यानं ऑफिसं थाटत होत्या. मला त्यातल्याच एकीत नोकरी हवी होती, दुसरीकडे कुठेही नको. हट्टीच होते मी.

अर्ज पाठवला, उत्तर नाही. शेवटी बाबांनी बँकेत फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, ‘‘आम्ही फक्त कॅम्पसमधूनच मुलं घेतो.’’ बाबांना ऐकू आलं, ‘कॅम्पमधूनच’; बँकेचं ऑफिसही पुण्याच्या कॅम्प भागातच होतं. झालं!

‘‘कॅम्पातलीच मुलं घेतात म्हणे! कोथरूडकरांना काय बेरीज येत नाही?’’ बाबांनी फोन आपटला.

‘‘अहो, कॅम्पात तुमचा मित्र राहतो ना? त्याचा पत्ता घाला की,’’ आई म्हणाली.

‘‘खोटं बोलू? त्यापेक्षा पत्र लिहितो.’’

आणि लिहिलं की! ‘आमची कन्या कोथरूडला राहते हा तिचा दोष नव्हे, जागा मी घेतली. स्वारगेटला बस बदलून ती कॅम्पात वेळेवर पोचेल. आपले साहेब तर परदेशातून येतात, ते चालतं ना?’ पत्र पेटीत पडल्यावर मला कळलं. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठवड्यानं चक्क मुलाखतीचं बोलावणं आलं. टेबलावर तेच पत्र. मुलाखत घेणारे मराठी साहेब हसून हसून डोळे पुसत होते.

‘‘वडील नेहमी असंच लिहितात?’’

‘‘नाही सर, एरवी जरा कडक लिहितात.’’

मग त्यांनी कॅम्पस म्हणजे काय ते समजावलं. शहरातली दोन नामांकित कॉलेजं. बँक स्वतः तिथे जाऊन मुलं निवडते. ‘‘तुमचं कॉलेज आमच्या यादीत नाही,’’ ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. ‘‘यादीत नसेल, पण आहे ना सर! तिथेच शिकले मी. विचारा काय विचारायचं ते.’’

तासभर पिळून काढलं मला. पण घेतलं.

काही वर्षांनी मुलं निवडायचं काम माझ्याकडे आलं. यादीत तीच दोन कॉलेजं. रात्री जेवताना मी चिडून घरी सांगितलं. कॅम्पस म्हणजे काय हे बाबांना मी दहादा तरी समजावलं असेल, पण छे!

‘‘अजून कॅम्पच का?’’ बाबांनी हातातला घास खाली ठेवला. ‘‘थांब, पत्र लिहितो.’’

‘‘लिहाच बाबा,’’ मी म्हटलं. ‘‘आता ते उघडायला मीच बसलेय.’’