उणे अठरा अंश, मुक्काम मालिम

गोव्यात थंडी शोधायला कोणी घराबाहेर पडत नाही. आम्ही दोघे भाऊ मात्र जुलैच्या अखेरीस, एका सकाळी सात वाजता, इब्रामपूरहून त्यासाठीच निघालो. सोबत दादाची पांढरी पिकअप होती. निघण्याआधी दादाने रोजच्याप्रमाणे कळसोभर पाणी घेऊन चारही चाकं धुतली, पुढे एक दासवण (जास्वंदीचं फूल) खोचलं आणि मगच चावी फिरवली. पावसात भिजत उभ्या असलेल्या गाडीला पाणी घालणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण त्यावर बोलायचं नाही, हे आमच्या घरात ठरलेलं आहे.

खाणी चालू होत्या तेव्हा ही गाडी डिचोलीच्या बाजूला कामगारांचं जेवण, टायर, डिझेलची पिंपं असं काही ना काही पोचवायची. खाणी बंद झाल्या आणि ती काजूच्या मांगराला (शेतातल्या खोपीला) टेकून उभी राहिली. अधूनमधून केळी, नारळ. दोडामार्गचा एक गिऱ्हाईक दोनदा येऊन तिच्याभोवती फिरून गेला होता. ती विकली की दादाला दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून जावं लागणार होतं, आणि त्यापेक्षा त्याने गुरं राखली असती.

अशात सावंतवाडीचे तेली आले. कारगिलच्या वरच्या अंगाला रस्त्याचं काम चालतं, तिथल्या मजुरांची खानावळ ते चालवतात. ऑक्टोबरपासून पुढचा सगळा हिवाळा सामान वाहायला त्यांना गाडीसकट ड्रायव्हर हवा होता. मागे त्यांनी बांद्याहून एक गाडी नेली होती. पहिल्याच कडक थंडीत तिच्या इंजिनातलं पाणी गोठलं आणि इंजिन फुटलं. म्हणून त्यांची एकच अट होती. गाडी रात्रभर तसल्या थंडीत उभी करायची आणि सकाळी त्यांच्यासमोर चालवून दाखवायची. नाही जमलं तर बेळगावचा एक जण तयार होता.

"थंडी खंयसून हाडशात?" असं विचारून ते हसले होते.

"आणतो," मी म्हणालो. मी बी.एस्सी. आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, आणि हे सांगायला मी लाजत नाही. थंडीत गाडीची चार अंगं बसतात: पाणी, तेल, डिझेल आणि बॅटरी. मी ती कागदावर लिहून काढली, प्रत्येकापुढे इलाज लिहिला. दादाने तो कागद गाडीतल्या सातेरीदेवीच्या फोटोखाली चिकटवला.

पहिला थांबा डिचोली. वसंत मिस्त्रींनी एकेकाळी खाणीचे मोठे ट्रक उघडले होते. आता त्यांच्या शेडमध्ये तीन स्कूटर आणि एक मांजर होतं. मी कागद वाचून दाखवला. त्यांनी तो चष्म्याशिवायच ऐकला.

"हय पाणी उकळता रे, गोठणा नाय," ते म्हणाले. "चाळीस वर्सां मी उकळलेलां पाणीच काडतंय."

तरी त्यांनी रेडिएटर खाली केला. बाहेर आलं ते लालभडक, खाणीच्या मातीचं पाणी. तीनदा धुतल्यावर ते चहाच्या रंगावर आलं. मग त्यात न गोठणारं हिरवं कूलंट निम्म्याला निम्मं मिसळून घातलं, इंजिनमध्ये पातळ तेल घातलं. हिरवं पाणी बघून मिस्त्री म्हणाले, "ह्यां तर सरबतासारखां दिसता. रातच्याक कोणी पिवक नाय म्हणजे झालां."

काम होईपर्यंत आम्ही बाजारात पातळ भाजी आणि उंडे (गोल, कडक सालीचे पाव) खाल्ले. डिचोलीची पातळ भाजी अजूनही चांगली आहे. खाणीवाले गेले तरी हॉटेलवाल्याने वाटाण्यात पाणी वाढवलेलं नाही.

दुपारी म्हापसा. दादा आमच्या पेडणे तालुक्यातला आहे हे बॅटरीच्या दुकानदाराला बोलण्यावरून कळलं. थंड प्रदेशासाठी मोठी बॅटरी हवी, असं ऐकून त्याने विचारलं, "पेडण्यात बर्फ पडूंक लागलो?"

"अजून नाय," दादा म्हणाला. "पण तयारीत रवलेलां बरां."

डिझेल थंडीत तुपासारखं थिजतं. ते होऊ नये म्हणून घालायचं औषध पणजीत बोटींच्या इंजिनांच्या एका दुकानात मिळालं. त्या माणसाने ते मागच्या फळीवरून धूळ पुसून काढलं. त्याच्याकडे ते कुठून आलं हे त्यालाही आठवत नव्हतं, पण मुदत संपलेली नव्हती. माझा कागद पुरा झाला. रात्री म्हापशाला आतेकडे झोपलो.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मालिम. पणजीच्या समोर, मांडवीच्या पलीकडे हा मासळीचा धक्का आहे. पावसाळ्यातल्या बंदीमुळे सगळे ट्रॉलर एकमेकांना खेटून बांधलेले होते, आणि वास मासळीऐवजी ताज्या रंगाचा होता. धक्क्यापासून थोडं आत मासळी गोठवून साठवायचा एक कारखाना आहे. माझा कॉलेजातला एक मित्र तिथे नोकरीला आहे. त्याच्या शब्दावर मॅनेजरने आम्हाला एक रिकामी खोली एका रात्रीपुरती दिली होती. मोसम सुरू व्हायचा होता, म्हणून खोली नुकतीच थंड करून ठेवलेली. दारावरच्या काट्याने उणे अठरा दाखवलं. कारगिलइतकी नाही, पण तेली त्यावर राजी होते. पुढच्या सकाळी दहा वाजता तिथे माल यायचा होता. दुसरी रात्र मिळणार नव्हती.

मॅनेजरने एकच गोष्ट बजावली. लाल चिखल आत यायला नको.

दादाला हे सांगायची गरज नव्हती. त्याने पाइप घेऊन गाडी अशी धुतली की टायरवरची अक्षरं वाचता यावीत. चाकांच्या आतपर्यंत पाण्याचा मारा केला. मग फूल लावलं, गाडी आत नेऊन उभी केली आणि सवयीने हँडब्रेक ओढला. आमचं घर चढावर आहे. हँडब्रेक न ओढता दादा सपाट मैदानातही उतरत नाही. जाड दार लागलं. आत दोन मिनिटांत माझ्या नाकातले केस टोचू लागले होते.

सकाळी आठला तेली छत्री झटकत आले. दार उघडायला खोलीवरचा जुना माणूस होता, केरीचे बाबनी मामा. तरुणपणी होडीवर होते, पुढची तीस वर्षं या खोल्यांत गेली. भर जुलैत अंगात दोन स्वेटर आणि कानटोपी. आदल्या दिवशी ते सुट्टीवर होते. दार सरकलं तसं धुकं बाहेर पडलं. गाडी पिठात घोळल्यासारखी पांढरी झाली होती.

दादा आत बसला. पहिल्यांदा चावी फिरवली तेव्हा नुसतं कण्हल्यासारखं झालं. दुसऱ्यांदा खोकला. तिसऱ्यांदा इंजिन लागलं आणि लागलेलंच राहिलं. मी तेलींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. चारही अंगं बरोबर होती. मला फार बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग दादाने गियर टाकून क्लच सोडला. गाडी मागच्या बाजूला किंचित दबली आणि जागीच राहिली. हँडब्रेक सोडलेला होता. पुन्हा तेच. इंजिन ओरडत होतं आणि मागची चाकं जमिनीला शिवल्यासारखी होती.

तेली खाली वाकले. "ह्यां काय?"

बाबनी मामांनी चाकाजवळ बसून ब्रेकच्या ड्रमवरून बोट फिरवलं. "धुतलस?"

"मी धुतलंय," दादा म्हणाला.

"आणि ब्रेक ओढलस."

"होय."

"पाणी भितर गेलां, ब्रेकाक धरून गोठलां." मामा उठले. "आमी ट्रॉली भितर न्हेवच्या आदी पुसून सुकी करतंव. ब्रेक लावचो नाय, ओंडको लावचो. हय काल इलेल्या पोरांकपण म्हायत असता."

मी कँटीनकडे धावलो आणि बादलीभर गरम पाणी घेऊन आलो. मामांनी बादलीवर हात ठेवला.

"शिकलेलो तूच मां?" त्यांनी विचारलं. "मगे हिशोब कर. ह्यां पाणी खंय जातलां?"

मी बादली खाली ठेवली. दहा मिनिटांत तेही गोठलं असतं.

तोवर धुराने खोली भरत होती. मॅनेजर दारात येऊन दोनदा घड्याळ बघून गेला. इंजिन बंद करायची कोणाची हिंमत नव्हती. दादा गोणपाट अंथरून गाडीखाली शिरला आणि मामांनी दिलेल्या लाकडी मोगरीने ड्रम ठोकू लागला. सरळ ठोकायचं नाही, कडेने फिरत ठोकायचं, असं मामा वरून सांगत होते. मी आत बसून एकदा पुढचा, एकदा मागचा गियर टाकत हिसके देत होतो. एक चाक सुटलं. दुसरं सुटेना. दादा बाहेर आला तेव्हा त्याच्या हाताला मोगरी धरवत नव्हती. त्याने तळवे काखेत दाबले, शंभरेक आकडे मोजावेत इतका वेळ उभा राहिला आणि परत खाली गेला. सुक्या नारळावर कोयता बसावा तसा आवाज आला आणि गाडी उडी मारून पुढे झाली. मी ती तशीच बाहेर पावसात नेली. सव्वानऊ झाले होते.

तेलींनी सिगारेट पेटवली. "इंजिन लागलां ता मी बघलंय," ते म्हणाले. "पण थंय सकाळी तास कोण देतलो? वर दोनशे माणसा जेवणासाठी वाट बघतत."

 तेव्हा मी म्हणालो की चूक माझी आहे. चाकं माझ्या कागदावर नव्हती. खरं तेच होतं.

तेलींनी माझ्याकडे नीट पाहिलंही नाही. ते मामांकडे वळले. "सुकी न्हेल्यार अडकता काय हो?"

"तीस वर्सां ढकलतंय. सुकी असली तर अडकणा नाय."

मग तेली दादाला म्हणाले, "हँडब्रेकाची सवय मोडशीत?"

"मोडतंय."

"आणि सकाळची धुवची?"

दादाने गाडीकडे पाहिलं.  "ती जड जायत," तो म्हणाला. "पण मोडतंय."

त्या सकाळी तेली पहिल्यांदाच हसले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सावंतवाडीहून निघायचं, असं सांगून छत्री उघडून ते गेले. बाबनी मामांनी आम्हाला चहा पाजला. मी त्यांच्यासमोर कागद धरला. त्यांनी सांगितलेलं मी त्यावर लिहून घेतलं, ते कागदाच्या पाठीवरही गेलं. गोव्यात थंडीचा जाणता कोणी नाही, असं मी धरून चाललो होतो. केरीचा माणूस मालिमला तीस वर्षं हिवाळ्यात नोकरी करतोय, हे मला ठाऊक नव्हतं. ते कुठल्या पुस्तकात सापडलंही नसतं.

संध्याकाळी इब्रामपुरात पोचलो. दादा सोप्यावर (ओट्यावरच्या बैठकीवर) बसला आणि मी आईला सगळं सांगितलं. हिरवं पाणी, बॅटरी, औषध, अडकलेली चाकं, तेलींचा होकार. तिने मधे एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर ती म्हणाली, "गाडीचां सगळां झालां. तेचां काय?"

 तीन दिवस आम्ही निम्मा गोवा फिरलो, तीन गावांत खरेदी केली, आणि त्या सगळ्या खरेदीत दादासाठी मोज्यांचा एक जोडसुद्धा नव्हता. लोकर हा शब्दही कोणाच्या तोंडून आला नव्हता.

आई दादाच्या पायांकडे बघत होती. तो नेहमीप्रमाणे रबरी सपाता घालून बसला होता. जन्मात त्याने बूट एकदाच घातले, स्वतःच्या लग्नात, तेही जेवायला बसेपर्यंत.

"तुझो पाय कितीचो?" तिने विचारलं.

दादाने पाय जरा पुढे करून पाहिला. त्यालाही माहीत नव्हतं.