नागूबाई कोण?

भादव्यातला रविवार होता. आईने मला सकाळीच उठवून शहापूरच्या स्टँडवर आणलं आणि आम्ही मुरबाडची एसटी पकडली... तीही सुट्टीच्या दिवशी. मी तेव्हा सातवीत होते आणि तोंड फुगवून खिडकीशी बसले होते.

आई मुरबाडच्या एका कॉलेजात ऑफिसला होती. ॲडमिशनचे फॉर्म, बोनाफाईड, आयकार्डं, सगळं तिच्या खिडकीतून जायचं. बाबांच्या बदलीमुळे आम्ही साताऱ्याकडून इथे आलो त्याला जेमतेम वर्ष झालं होतं आणि तिच्या नोकरीला तर चारच महिने.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. फॉर्मवर आईच्या नावाचा रकाना तेव्हा नवाच आला होता आणि त्याच रकान्यापायी आम्ही निघालो होतो.

झालं असं, की जूनच्या गर्दीत वैशाखऱ्याच्या वरच्या वाडीतले एक गृहस्थ मुलीला अकरावीत घालायला आले. आईने खिडकीतून विचारलं, मुलीच्या आईचं नाव? ते मान खाली घालून म्हणाले, "नाय गो बाय." आणि आईने सुवाच्य अक्षरात लिहिलं... नागूबाई.

हसू येतंय ना? मीही हसले होते. आई हसली नाही.

कारण ते गृहस्थ सांगत होते की मुलीची आई नाही. ती कधीच वारली होती. इकडच्या लोकांचं 'नाय' आणि 'गो' तोवर आईच्या कानात बसलंच नव्हतं... आणि मागे रांग केवढी!

आयकार्डं वाटली त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलगी खिडकीशी आली. मंजुळा तिचं नाव. कार्ड पुढे करून तिने विचारलं, "बाई, ही नागूबाई कोन?"

आईने चूक कबूल केली आणि खरं नाव विचारलं. मंजुळा म्हणाली, "मला ठाव नाय."

तिच्या जन्मानंतर आठवड्यात आई गेली होती. विषय निघाला की वडील उठून शेतावर चालू लागायचे आणि जिने वाढवलं ती आत्या डोळ्याला पदर लावायची. मग मंजुळाने विचारणंच सोडून दिलं होतं... सोळा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या आईचं नाव माहीत नव्हतं.

ऑफिसातले म्हणाले, रेघ मारा आणि द्या सोडून. आई घरी आली, ताटावर बसली आणि जेवलीच नाही. "आई होती तिला. रेघ कशी मारू?" एवढंच म्हणाली.

म्हणून तो रविवार. मुरबाडहून दुसरी एसटी, वैशाखऱ्याला उतरून पुढे पायवाट. भात पोटरीला आलं होतं, बांधाबांधावर तेरडा फुलला होता. माळशेजचा डोंगर ढगात अर्धा बुडालेला... ढग सावकाश खाली उतरत होते आणि आम्ही दोघी त्यांच्याकडे चढत होतो. माझा रुसवा कुठे गळून पडला मला कळलंच नाही. आजही ती वाट मी खरंच चालले की झोपेत पाहिली, असं होतं मला.

मंजुळाचे वडील अंगणात टोपली विणत बसले होते. मंजुळाने आमच्यासाठी पाणी आणलं. आई ते प्यायली नाही... आधी हात जोडले. "तुमच्या कारभारणीचं नाव मी चुकीचं लिहिलं. माफ करा मला. खरं नाव तेवढं सांगा."

त्यांनी टोपली खाली ठेवली. उठून जातील असं वाटलं. पण आई जोडलेले हात खाली घेईना, म्हणून असेल, किंवा त्यांच्याकडे माफी मागायला कधी कुणी आलंच नसेल, म्हणून असेल... ते बसून राहिले.

मग हातातल्या बांबूच्या कामटीकडे बघत म्हणाले, "हौशी."

मंजुळाच्या हातात तांब्या होता. "काय म्हनलास, बा?"

"हौशी. तुझ्या आयशीचा नाव हौशी व्हता."

एकदा तोंड उघडलं आणि मग त्यांना थांबताच येईना. हौशी हसायची कशी, बैलांना हाका कशा मारायची, मंजुळाचं नाव तिनेच ठेवलेलं... आत्या दारात येऊन रडत होती आणि मधेच हसतही होती. मंजुळा मात्र नुसती बापाच्या ओठांकडे बघत होती.

आईने पिशवीतून फॉर्म काढला. 'नागूबाई'वर एक सरळ रेघ मारली, बाजूला सही केली. आता आईची शिस्त सांगायला हवी... ऑफिसच्या कागदाला ती कुणाला बोटसुद्धा लावू द्यायची नाही. मी एकदा एका कोऱ्या फॉर्मवर फूल काढलं, तर पाठीत धपाटा बसला होता.

त्या दिवशी तिने पेन मंजुळाच्या हातात दिलं. म्हणाली, "तूच लिही."

मंजुळाने फॉर्म मांडीवर घेतला. दोन अक्षरं लिहायला तिला किती वेळ लागला... लिहिताना ती पुटपुटत होती. हौ... शी. लिहून झाल्यावर तिने शाईवर हळूच फुंकर मारली, कागद बापापुढे धरला आणि म्हणाली, "बघ, माझी आय."

बापाला वाचता येत नव्हतं. त्यांनी त्या दोन अक्षरांवर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत आई त्याच खिडकीत बसली. किती मुलांचे कागद तिच्या हाताखालून गेले, कुणास ठाऊक. मागच्या वर्षी ती गेली. लोक मला विचारतात, आई काय करायची? मी सांगते, कॉलेजात क्लार्क होती... आणि हे सांगताना मला जो अभिमान वाटतो, तो त्या अंगणात उभं राहिल्याशिवाय कुणाला कळायचा नाही.