जतच्या रस्त्यावरची पांढरी रेघ

जतला कुणी हौसेने जात नाही. मीही गेले नाही. यंदा, १९७३च्या उन्हाळ्यात, त्या तालुक्यातल्या एका दुष्काळी कामावर पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, रोगी निघाले. पाण्याचे नमुने आणायला साताऱ्याच्या आमच्या प्रयोगशाळेत त्या दिवशी मी एकटीच मोकळी होते. निर्जंतुक बाटल्यांची पेटी मांडीवर घेऊन पहाटेची एस.टी. धरली.

जाणाऱ्यांसाठी सांगते: सांगलीला गाडी बदलावी लागते. मधल्या वेळात स्टँडबाहेर भडंग घ्या, पुढे काही मिळत नाही. कवठे महांकाळ सोडलं की आधी ऊस संपतो, मग झाडं. खिडकी लावली तर गुदमरतं, उघडली तर तोंडात माती. जतच्या खानावळीत दोन रुपयांत भाकरी, आमटी, ठेचा मिळतो. गरम असेल तेवढंच खा. चहा प्या, माठातलं पाणी नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालट्रकने कामावर पोचले. तलावाचं खोदकाम चालू होतं. दुपारी मोठे साहेब येणार म्हणून रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढऱ्या रेघा मारलेल्या, अगदी सरळ.

विहीर रस्त्याखाली, उतारावर. तिचे झरे आटलेले. टँकर तिच्यातच पाणी ओततो आणि बायका ते उपसतात. वरच्या अंगाला मजुरांच्या झोपड्या, संडास एकही नाही, आणि नाला विहिरीला लागून. दोरी ज्याची त्याची, पोहरा ज्याचा त्याचा, पाणी सगळ्यांचं एक. पटकीला याहून जास्त काही लागत नाही.

आधी नमुना भरून घेतला. मग काचेच्या नळीत पाणी घेऊन तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. पाणी होतं तसंच राहिलं.

"ब्लीचिंग पावडर टाकत नाही का?" मी मुकादमाला विचारलं.

"आलती की. चार पोती."

"मग कुठाय?"

त्याने रस्त्याकडे बोट केलं. "फक्की मारायला चुना न्हवता, बाई. तीच मारली. झ्याक दिसतंय का न्हाई?"

विहिरीसाठी आलेलं औषध रस्त्यावर पडून उन्हात निकामी होत होतं.

मागून एक म्हातारी रिकामी कळशी घेऊन आली. गंगव्वा. तिच्या सुनेला, मल्लव्वाला, पहाटे ट्रकने जतच्या दवाखान्यात नेलं होतं. झोपडीत दोन नातवंडं तहानलेली.

"आवं बाई, सुई टोचनारा म्हनला, पानी उकळून प्या. सरपान तुमच्या पेटीत हाय व्हय?" बायका हसल्या. ती हसली नाही. "ह्या हिरीचं पानी पोरांस्नी देऊ का नगं, तेवढं सांगा."

"अर्धा तास थांबा."

शेडमध्ये एक पोतं उरलं होतं. साहेबांची गाडी जिथे थांबणार होती, त्या जागेवर रेघा मारायला राखलेलं. मुकादम आडवा आला. "त्येला हात लावू नगा. सही कोन करनार?"

"मी."

पूर्ण नाव आणि हुद्दा लिहून सही केली. मापाने पावडर बादलीत कालवली, गाळ बसू दिला, वरचं पाणी विहिरीत ओतलं. गंगव्वा आणि इतर बायकांनी पोहरे खालीवर करून पाणी ढवळलं. घड्याळ लावून अर्धा तास थांबले. नळी पिवळी झाली.

"वास मारतोय," गंगव्वा म्हणाली. "आदी तुमी प्या."

मी तांब्याभर प्याले. मग तिने विहिरीत कळशी सोडली.

चार वाजता साहेब आले. रस्त्याचं कौतुक केलं. विहिरीपर्यंत आले नाहीत.

परतताना दवाखान्यात गेले. मल्लव्वा व्हरांड्यात जमिनीवर होती, सलाईनची बाटली खिडकीच्या गजाला बांधलेली. डोळे उघडे. "पोरं?" एवढंच विचारलं.

"पाणी प्यायलीत. चांगलं पाणी."

साताऱ्यात नमुन्यात पटकीचे जंतू निघाले. अहवालात 'कारण' असा रकाना असतो. त्यात मी लिहिलं: विहिरीची पावडर रस्त्याच्या सजावटीला वापरली.

वरिष्ठांनी कागद परत दिला. "'दूषित पाणी' लिहा. रस्ता आपला विषय नाही."

"दूषित पाणी हा परिणाम झाला, सर. रकाना कारणाचा आहे."

अहवाल दोनदा परत आलाय. दोन्ही वेळा मी तेच वाक्य, त्याच शब्दांत, स्वच्छ अक्षरात लिहून वर पाठवलंय.